मास्टर डिस्क आणि तिच्या तीस प्रती

एका संगणकाची हार्ड डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर, सेटिंग आणि फाइलींसकट जशीच्या तशी नेटवर्कच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाच्या डिस्कवर उतरवणे, याला नेटवर्कवरून केलेले क्लोनिंग म्हणतात. ज्या संगणकावरून प्रत घ्यायची तो मास्टर. ही प्रत थेट दुसऱ्या डिस्कवर न लिहिता फाइलींच्या संचात साठवली, तर त्या संचाला इमेज म्हणतात. इमेज एका सर्व्हरवर राहते आणि गरज पडेल तेव्हा ती एका पीसीवर किंवा एकाच वेळी सगळ्या लॅबवर उतरवता येते. कॅबिनेट उघडायचे नाही, डिस्क काढायची नाही, सीडी किंवा पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलावर फिरायचे नाही.

या सगळ्यात प्रत काढणे हाच सर्वांत सोपा भाग आहे. ते काम सॉफ्टवेअर करते आणि चांगले करते. कौशल्य लागते ते आधी आणि नंतर: आधी मास्टर नीट तयार करायचा असतो आणि प्रत उतरल्यावर प्रत्येक संगणकाला पुन्हा त्याची स्वतंत्र ओळख द्यायची असते. क्लोनिंग फसते ते बहुधा या दोन ठिकाणी, नाहीतर मधल्या तारेत आणि स्विचमध्ये.

एकसारख्या कामाचे बरेच संगणक आणि ते सांभाळायला एखाददुसरा माणूस, ही या विषयाची मूळ जमीन. वऱ्हाडात ती जागोजागी सापडते. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ ची. आज ते संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखले जाते. १९८३ हेच वर्ष महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाल्याचे, आणि बडनेरा व शेगाव इथली महाविद्यालये त्याच वर्षीची. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला आणि परतवाडा, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर अशा गावांतही संगणकाची केंद्रे उघडली. टंकलेखनाच्या संस्थांत टाइपरायटर हटून पीसी आले. कुठे दहा, कुठे वीस, कॉलेजात एकेका लॅबमध्ये तीस. पण सगळ्यांवर तेच सॉफ्टवेअर, त्याच जागी, त्याच सेटिंगसह लागते. विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन परीक्षा, दोन्हींच्या आधी प्रॅक्टिकल. बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची परीक्षा तर संगणकावरच होते. परीक्षेच्या दिवशी सात नंबरचा पीसी चालतो आणि आठ नंबरचा चालत नाही, हे कुणालाच परवडत नाही.

एका पीसीवर काय काय चढवावे लागते याची यादी केली की क्लोनिंगची गरज वेगळी पटवावी लागत नाही. विंडोज, तिचे ड्रायव्हर, ऑफिस, जावा, पायथन, मायएसक्यूएल, एखादे सी कंपायलर (टर्बो सी १९८७ चे आहे, तरी लॅबमधून त्याचा पाय निघत नाही), पीडीएफ वाचक, अँटिव्हायरस, प्रिंटर. मराठी टायपिंग असेल तर सी-डॅकचे आयएसएम किंवा श्रीलिपी, तिचे फॉन्ट आणि रेमिंग्टन की-बोर्डची मांडणी. एका संगणकाला सहज तीन-चार तास जातात. तीस संगणकांना हाताने बसायचे तर आठवडा जातो आणि शेवटी कुठल्या तरी चार संगणकांवर काहीतरी राहून गेलेले असते. लॅब असिस्टंटच्या भाषेत याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात, आणि वर्षातून दोनदा सगळी लॅब फॉरमॅट मारणे ही शिक्षाच आहे.

डॉसच्या काळात ही अडचण नव्हती. एसवायएस आज्ञेने बूट होण्याइतक्या फाइली नव्या डिस्कवर बसत आणि बाकीच्या एक्सकॉपीने नेल्या की संगणक तयार. नव्वदच्या दशकात अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये तर नोडला, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या संगणकाला, हार्ड डिस्कच नसे. नोव्हेल नेटवेअरच्या एका सर्व्हरवरून नेटवर्क कार्डावरच्या बूट रॉमच्या मदतीने सगळे नोड सुरू होत. सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी, त्यामुळे सांभाळणेही एकाच ठिकाणी. विंडोज ९५ आल्यावर चित्र पालटले. प्रत्येक पीसीला स्वतःची डिस्क, रजिस्ट्री आणि लपलेल्या शेकडो फाइली आल्या. नुसत्या फाइली नकलून संगणक सुरू होईना. त्याच सुमारास, १९९५ मध्ये, न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये मरे हॅझार्ड यांनी बायनरी रिसर्च या कंपनीसाठी घोस्ट नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो फाइलींच्या मागे न लागता डिस्कचे पार्टिशनच उचलत असे. १९९८ मध्ये सिमँटेकने तो विकत घेतला आणि नॉर्टन घोस्ट या नावाने तो भारतातल्या हार्डवेअरवाल्यांच्या फ्लॉपीत जाऊन बसला. तो मूळ प्रोग्रॅम आता मागे पडला तरी नाव टिकले आहे; आजही कुठलेही सॉफ्टवेअर वापरून इमेज घेतली तरी ‘घोस्ट घेतला’ असे म्हणणारे तंत्रज्ञ भेटतात.

आज लॅबसाठी फुकट आणि खुली साधने पुरेशी आहेत. क्लोनझिला हे तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात घडलेले साधन सर्वांत जास्त चालते. तिथल्याच डीआरबीएल या व्यवस्थेवर त्याची सर्व्हर आवृत्ती उभी आहे. फॉग हा दुसरा पर्याय. त्याचा कारभार ब्राउझरमधून चालतो आणि संगणकांची नोंदवहीही तो ठेवतो. लिनक्स जाणणाऱ्याला यापैकी काहीही न घेता डीडी, जीझिप आणि नेटकॅट या तीन छोट्या आज्ञा एकापुढे एक जोडून दोन संगणकांमध्ये क्लोनिंग करता येते: पहिली डिस्क वाचते, दुसरी दाबून लहान करते, तिसरी तारेवर सोडते. विषय समजून घ्यायला ही पद्धत उत्तम. पण तीस संगणकांच्या लॅबला ती वापरू नये. त्याचे कारण पुढे येईल.

डिस्कची प्रत दोन प्रकारे घेता येते. पहिल्या प्रकारात डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर, भरलेला असो की रिकामा, पहिल्यापासून शेवटपर्यंत उचलला जातो. डीडी हेच करते. अशा प्रतीत पुसलेल्या फाइलींचे अवशेषही येतात. न्यायवैद्यक तपासणीत नेमके तेच हवे असते. तिथे मूळ डिस्कवर काहीही लिहिले जाऊ नये म्हणून राइट ब्लॉकर लावतात आणि मूळ व प्रत यांचे हॅश मूल्य जुळवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावर हे हॅश मूल्य लिहावे लागते. लॅबला मात्र या काटेकोरपणाचा उपयोग नाही, उलट त्रास आहे. ५०० जीबीची डिस्क १०० एमबीपीएसच्या तारेवरून अशी न्यायची तर साडेबारा तास लागतात.

दुसरा प्रकार शहाणा आहे. यात सॉफ्टवेअर आधी फाइल सिस्टिम वाचते, कुठले ब्लॉक वापरात आहेत ते पाहते आणि तेवढेच उचलते. क्लोनझिलामध्ये हे काम पार्टक्लोन करते. ५०० जीबीच्या डिस्कवर प्रत्यक्ष मजकूर २५ जीबी असेल, तर इमेजही तेवढीच; दाबून ती आणखी लहान होते. फाइल सिस्टिम ओळखता आली नाही तर सॉफ्टवेअर मुकाट्याने पहिल्या प्रकारावर येते. इमेज अनपेक्षितपणे अवाढव्य दिसली की कारण बहुधा हे असते, किंवा पार्टिशनवर बिटलॉकर हे विंडोजचे एन्क्रिप्शन चालू असते. पार्टिशनांखेरीज डिस्कची सुरुवातही उचलावी लागते. जुन्या एमबीआर पद्धतीत पहिल्या ५१२ बाइटांत ४४६ बाइट बूट कोड, ६४ बाइट पार्टिशन टेबल आणि २ बाइट खूण असते. नव्या जीपीटी पद्धतीत टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. मोठ्या डिस्कवर क्लोन केल्यावर ती प्रत मधेच कुठेतरी अडकते आणि दुरुस्त करून शेवटी न्यावी लागते.

आता नेटवर्क. ज्या डिस्कवर इमेज लिहायची, तिच्यावरच्या विंडोजमधून संगणक चालू असताना ती लिहिता येत नाही. म्हणून संगणक डिस्कवरून सुरू न करता तारेवरून सुरू करावा लागतो. त्यासाठी इंटेलने पीएक्सई ही पद्धत ठरवली. तिची प्रचलित २.१ आवृत्ती १९९९ ची आहे. बायोसमध्ये नेटवर्क बूट चालू केले की संगणक सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड साऱ्या नेटवर्कवर हाक देते: पत्ता हवा आहे. डीएचसीपी सर्व्हर आयपी पत्ता देतो आणि सोबत सांगतो की बूट फाइल अमुक यंत्रावर अमुक नावाने आहे. मग कार्ड टीएफटीपी या साध्या पद्धतीने ती फाइल मागवते. मूळ टीएफटीपी ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवून पोच येईपर्यंत थांबते, म्हणून हा टप्पा रेंगाळल्यासारखा वाटतो. बूट फाइलीमागून लिनक्सचे कर्नेल येते, ते संगणकाच्या मेमरीत चालू होते, आणि आता वापरात नसलेली डिस्क लिहायला मोकळी होते.

या साखळीत नेहमी एकाच जागी घोटाळा होतो. कॉलेजच्या ब्रॉडबँडचा राउटरही त्याच नेटवर्कवर असतो आणि तोही पत्ते वाटतो. क्लोनिंग सर्व्हरच्या आधी राउटरने उत्तर दिले तर संगणकाला पत्ता मिळतो, पण बूट फाइलीचा ठावठिकाणा मिळत नाही. पडद्यावर ‘नो बूट फाइलनेम रिसीव्ह्ड’ असा निरोप येतो आणि तास वाया जातो. लॅबचा स्विच क्लोनिंगपुरता कॉलेजच्या नेटवर्कमधून सोडवून घेणे हा सर्वांत सोपा उपाय. उलट चूक अधिक महाग पडते: क्लोनिंग सर्व्हर कॉलेजच्या मुख्य नेटवर्कला लावला तर ऑफिस, लायब्ररी, परीक्षा विभाग सगळ्यांना तोच पत्ते वाटू लागतो, आणि नेटवर्क बूट आधी असलेला एखादा ऑफिसचा पीसी सकाळी थेट क्लोनिंगच्या मेन्यूवर उघडतो. नेटवर्क वेगळे करणे शक्य नसेल तिथे प्रॉक्सी डीएचसीपी वापरावे. त्यात पत्ता राउटरच देतो आणि सर्व्हर फक्त बूट फाइलीची माहिती पुरवतो.

वेळेचा हिशेब इथेच मांडायला हवा, कारण पद्धत त्यावरूनच ठरते. १०० एमबीपीएसच्या तारेवरून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११ एमबी जातात. २५ जीबीची इमेज एका संगणकावर उतरायला त्या वेगाने ३८ मिनिटे लागतात. तीस संगणक एकामागून एक केले तर १९ तास. तीसही एकदम सुरू केले तरी १९ तासच, कारण सर्व्हरची तार तीच आणि प्रत्येकाला तीच २५ जीबी वेगळी पाठवायची. आज्ञा जोडण्याची साधी पद्धत लॅबला का पुरत नाही, ते या आकड्यावरून दिसते. गिगाबिट स्विच असेल तर वेग सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातो आणि मग जुनी हार्ड डिस्कच तारेपेक्षा मागे पडते. तरी एकेक करून तीस संगणकांना दोन-अडीच तास लागतातच.

मल्टिकास्ट हा हिशेबच मोडून टाकते. सर्व्हर प्रत्येक तुकडा एकदाच सोडतो, २२४ ते २३९ ने सुरू होणाऱ्या खास पत्त्यांपैकी एका पत्त्यावर, आणि त्या पत्त्याकडे कान लावलेले सगळे संगणक तो एकदमच घेतात. घरोघरी जाऊन सांगणे आणि चौकात दवंडी पिटणे यात जो फरक, तोच इथे आहे. १९ तासांचे काम ३८ मिनिटांवर येते. संगणक पाच असोत की तीस, वेळ जवळपास सारखाच. क्लोनझिला यासाठी यूडीपीकास्ट वापरते. त्यामागच्या यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीत पोच नसते, म्हणून यूडीपीकास्ट दर काही तुकड्यांनंतर सगळ्यांकडून हजेरी घेते आणि ज्यांचे काही हुकले असेल त्यांच्यासाठी ते पुन्हा सोडते. सर्व्हरला आधीच सांगून ठेवावे लागते की किती संगणक जमल्यावर सुरुवात करायची आणि जास्तीत जास्त किती वेळ वाट पाहायची. तीस सांगितले आणि एक पीसी बिघडला म्हणून एकोणतीसच जमले, तर वेळेची मर्यादा घातलेली नसल्यास सगळे एकाची वाट पाहत बसतात.

मल्टिकास्टची दुखरी बाजूही याच हजेरीत आहे. जो सर्वांत मंद, त्याच्या वेगाने सगळी लॅब चालते. एका पीसीची डिस्क खराब सेक्टरांमुळे अडखळत असेल, एका तारेचा आरजे-४५ कनेक्टर नीट क्रिम्प झालेला नसेल आणि ती जोडणी १० एमबीपीएसवर उतरली असेल, तर ३८ मिनिटांचे काम सहा तासांवर जाते आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. म्हणून आधी स्विचवरचे दिवे पाहावेत, कुठली जोडणी कमी वेगावर आहे ते शोधावे आणि तो संगणक बाजूला ठेवून नंतर एकटा करावा. जुना हब कुठे राहिला असेल तर तो काढून टाकावा. स्वस्त स्विच मल्टिकास्टला ब्रॉडकास्टसारखेच वागवतो आणि सगळ्या पोर्टवर पाठवतो. लॅबपुरत्या वेगळ्या नेटवर्कवर त्याने काही बिघडत नाही, पण तोच स्विच इमारतीच्या बाकी नेटवर्कला जोडलेला असेल तर सगळ्यांचे इंटरनेट ठप्प होते. वायफायवरून मल्टिकास्ट क्लोनिंगच्या वाटेला जाऊच नये. क्लोनझिलामध्ये आता बिटटॉरेंटचाही मार्ग आहे, त्यात प्रत्येक संगणक मिळालेले तुकडे इतरांना देत जातो. चांगला गिगाबिट स्विच असेल तर मल्टिकास्टपेक्षा हा मार्ग कमी नखरे करतो.

वऱ्हाडात या हिशेबात विजेचाही रकाना हवा. इमेज उतरत असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेली डिस्क बूट होत नाही आणि तो संगणक पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. मल्टिकास्ट चालू असताना सर्व्हर बंद पडला तर तीसही जातात. सर्व्हर आणि स्विच तरी यूपीएसवर असलेच पाहिजेत. स्विच विसरला जातो, आणि तो गेला की सर्व्हर चालू असून उपयोग नसतो. दुसरी गोष्ट उन्हाची. लॅब मोकळी मिळते ती उन्हाळी परीक्षा संपल्यावर, आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून शाळांकडेही मे-जून हाच वेळ असतो. त्या दिवसांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद खोलीत तीस डिस्क एकदम पूर्ण वेगाने लिहू लागल्या की जुन्या डिस्क तिथेच शेवटचा श्वास घेतात. हे काम सकाळी सातला सुरू करून दहाला आटोपावे. मल्टिकास्टने ते जमतेही.

मास्टर तयार करताना एक पथ्य पाळले की अर्धी कटकट वाचते: मास्टरवर रोजचे काम करू नये. एखाद्या प्राध्यापकाचा चालता संगणक मास्टर म्हणून घेतला तर त्याचे साठवलेले पासवर्ड, मेलचे लॉगिन आणि प्रश्नपत्रिकेचा मसुदासुद्धा तीस ठिकाणी जातो. मास्टर कोऱ्या डिस्कवर नव्याने बनवावा, अद्यतने पूर्ण करावीत, व्हायरस तपासावा (एक व्हायरस तीस करायला क्लोनिंगइतके सोयीचे साधन नाही), आणि पार्टिशन लहान ठेवावे. लहान डिस्कवरून मोठ्यावर जाता येते, उलट जाणे अवघड. २५६ जीबीच्या एसएसडीवरून घेतलेली इमेज २४० जीबीच्या एसएसडीवर बसत नाही, मग आतला मजकूर ३० जीबीच का असेना. लॅबमध्ये तीन वेगवेगळ्या वर्षी घेतलेले पीसी असतील तर सर्वांत लहान डिस्कचा संगणक मास्टर करावा.

हार्डवेअरच्या फरकाने पूर्वी जितका छळ होई तितका आता होत नाही. विंडोज एक्सपीची इमेज वेगळ्या मदरबोर्डवर उतरवली की निळा पडदा ठरलेला असे. आजही डिस्क कंट्रोलरची पद्धत मास्टरवर एक आणि प्रतीवर दुसरी असेल तर विंडोज बूट डिस्क सापडत नसल्याचे सांगून थांबते. बायोसमध्ये ती सेटिंग सगळीकडे सारखी केली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. बायोसची जागा घेणाऱ्या नव्या यूईएफआयवर बनवलेली इमेज जुन्या बायोसच्या संगणकावर चालत नाही. अशा वेळी लॅबचे दोन गट करून दोन मास्टर ठेवणे सर्वांत बरे.

प्रत उतरली, तीस पडदे एकदम उजळले, म्हणजे काम झाले असे वाटते. पण या क्षणी लॅबमध्ये एकाच संगणकाच्या तीस प्रती आहेत, आणि नेटवर्कला त्या वेगळ्या दिसायला हव्यात. सर्वांचे नाव एक, म्हणून ‘नेटवर्कवर हेच नाव आधीपासून आहे’ असे निरोप येतात. मास्टरला हाताने आयपी पत्ता दिलेला असेल तर तोही सगळ्यांचा एकच. हे दिसणारे दोष. ते लगेच दुरुस्त होतात. न दिसणारे दोष महिन्यांनी उगवतात. प्रत्येक विंडोजला बसवताना एक एसआयडी क्रमांक मिळतो, तो सर्व प्रतींत सारखा जातो. हा क्रमांक सारखा असणे धोक्याचे, असे वर्षानुवर्षे मानले गेले आणि तो बदलणारी न्यूएसआयडीसारखी साधने चालली. नोव्हेंबर २००९ मध्ये ते साधन लिहिणाऱ्या मार्क रसिनोविच यांनीच दाखवून दिले की व्यवहारात या सारखेपणाने काही बिघडत नाही, आणि न्यूएसआयडी बंद केले. अनेकांनी त्यावरून पुढचे सगळे सोपस्कार सोडून दिले. ते चुकले. २०२५ च्या ऑगस्टअखेरीपासून आलेल्या अद्यतनांनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि पुढच्या आवृत्त्या एकच एसआयडी असलेल्या दोन संगणकांमधली ओळख-पडताळणी नाकारतात. शेअर केलेले फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप जोडला जात नाही आणि पासवर्ड बरोबर असूनही चूक सांगितला जातो.

यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने सिसप्रेप हे साधन विंडोजबरोबरच दिलेले असते. इमेज घेण्याआधी मास्टरवर ते ‘जनरलाइझ’ पर्यायासह चालवले की विंडोज आपल्या ओळखीच्या खुणा पुसून बंद होते आणि प्रत पहिल्यांदा सुरू होताना नव्या खुणा घेते. सिसप्रेप हट्टी आहे: एखाद्या वापरकर्त्याने स्टोअरमधून स्वतःपुरते ॲप घेतलेले असले तरी ते अडून बसते. तरीही ते टाळू नये, आणि सिसप्रेप झाल्यावर मास्टर पुन्हा सुरू न करता थेट नेटवर्कवरून बूट करून इमेज घ्यावी. ज्या संस्था केएमएस सर्व्हरने विंडोज सक्रिय करतात त्यांना तर ते टाळताच येत नाही. केएमएस किमान २५ वेगवेगळे संगणक मोजल्याशिवाय काम सुरू करत नाही, आणि सिसप्रेप न केलेल्या तीस प्रती त्याला एकच संगणक वाटतात. मोजणी एकावरच राहते आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. अद्यतने वाटणाऱ्या डब्ल्यूएसयूएस सर्व्हरवरही असेच तीसऐवजी एकच नाव दिसते.

लिनक्सही यातून सुटलेले नाही. त्याच्या मशीन-आयडी फाइलीतला क्रमांक सारखा राहिला तर काही वितरणांमध्ये डीएचसीपी सर्व्हर सगळ्यांना एकच आयपी पत्ता देतो, कारण पत्ता मागताना हाच क्रमांक ओळख म्हणून पुढे केला जातो. दुरून लॉगिन करण्यासाठीच्या एसएसएचच्या चाव्याही सगळ्यांच्या एकच राहतात. इमेज घेण्याआधी मशीन-आयडी फाइल रिकामी करणे आणि एसएसएचच्या चाव्या पुसून पहिल्या बूटवेळी नव्या तयार होतील अशी सोय करणे, ही दोन मिनिटांची कामे आहेत.

परवान्याचा प्रश्न तांत्रिक नाही, पण टाळण्यासारखाही नाही. पीसीबरोबर आलेली ओईएम विंडोज त्या एका पीसीपुरती असते; तिची इमेज काढून इतरांवर उतरवण्याचा हक्क तिच्याबरोबर येत नाही. संस्थेकडे व्हॉल्यूम लायसन्स असेल तर त्याच्या माध्यमातून बनवलेला मास्टर वापरता येतो. डीटीपी आणि टायपिंगच्या काही सॉफ्टवेअरना डोंगल लागतो. इमेजमध्ये सॉफ्टवेअर येते, डोंगल येत नाही, म्हणून ते कुठल्या पीसीवर चालणार हे आधी ठरलेले असावे.

इमेज हा बॅकअप नव्हे, हेही समजून असावे. ती मास्टरची त्या दिवसाची स्थिती असते. विद्यार्थ्यांची कामे, प्रोजेक्ट, ग्रंथालयाच्या नोंदी यातले काही तिच्यात नसते, आणि ती उतरवताना संगणकावर जे होते ते सारे पुसले जाते. लॅबच्या पीसीवर डी ड्राइव्हमध्ये काही राहिले आहे का, हे उतरवण्याच्या आदल्या दिवशी फलकावर लिहून विचारलेले बरे. रोज विद्यार्थी काहीतरी बिघडवतात एवढीच अडचण असेल, तर बंद करून चालू केले की संगणक पूर्ववत करणारी डीप फ्रीझसारखी सॉफ्टवेअर पुरतात; क्लोनिंग नव्या सत्राच्या सुरुवातीसाठी राखावे. इमेज तयार झाल्यावर ती एका संगणकावर उतरवून, त्याचे नाव बदलून, नेटवर्कला जोडून, एक प्रिंट काढून पाहावी आणि मगच उरलेल्या लॅबला हात लावावा. इमेजची एक प्रत सर्व्हरबाहेरच्या डिस्कवर ठेवावी आणि तिच्या नावात तारीख लिहावी.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, त्यामुळे तिच्यावर बनवलेले मास्टर आता बदलावे लागणार आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते, इंटेलच्या प्रोसेसरांपैकी सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचे चालतात. वऱ्हाडातल्या लॅबमध्ये त्याआधीचे पीसी भरपूर आहेत. त्यांच्यासाठी उबंटू, डेबियन किंवा सी-डॅकच्या बॉस लिनक्सचा मास्टर बनवता येतो. त्याला परवान्याची अट नाही, सिसप्रेपचा हट्ट नाही, आणि पायथन, जावा, मायएसक्यूएल, सी कंपायलर व युनिकोड मराठी टायपिंग त्याच्यावर विनामूल्य मिळते.